टेम्सच्या काठावरून काळ्या घोड्यापर्यंत : रतनजी टाटांच्या संग्रहाची परतवाट

रतन टाटा हे नाव उच्चारले की आजच्या पिढीच्या डोळ्यांसमोर ऑक्टोबर २०२४मध्ये निवर्तलेले उद्योगपती उभे राहतात. त्यांच्या आधी याच नावाचा आणखी एक माणूस होऊन गेला. तो जमशेटजींचा धाकटा मुलगा. त्याचा जन्म २० जानेवारी १८७१ रोजी मुंबईत झाला आणि मृत्यू ५ सप्टेंबर १९१८ रोजी इंग्लंडच्या नैऋत्य टोकावरील सेंट आइव्ह्ज या समुद्रकाठच्या गावी. वय अवघे सत्तेचाळीस. अपत्य नव्हते. मागे राहिल्या त्या पत्नी नवाजबाई, अमाप संपत्ती आणि लंडनजवळच्या एका जुन्या वाड्यात व मुंबईत गोळा झालेला कलावस्तूंचा प्रचंड संग्रह. या संग्रहाचे पुढे काय झाले, याचा हा वृत्तांत.

प्रथम त्या वाड्याविषयी, कारण मराठ्यांच्या इतिहासाची आवड असणाऱ्यांना त्याची ओळख असायला हवी, आणि ती सहसा नसते. लंडनच्या पश्चिमेस, टेम्स नदीच्या काठी ट्विकनहॅम नावाचे उपनगर आहे. तेथील 'यॉर्क हाउस' ही सतराव्या शतकातील वास्तू रतनजींनी १९०६मध्ये विकत घेतली. विकणारा होता ड्यूक ऑफ ऑर्लेआं, म्हणजे फ्रान्सच्या नष्ट झालेल्या सिंहासनावर हक्क सांगणारा निर्वासित राजपुत्र. त्याच्या आधी हे घर सर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ यांच्याकडे होते. हे गृहस्थ १८८१ ते १८८६ या काळात मद्रासचे गव्हर्नर होते. त्यांचे वडील जेम्स ग्रँट डफ म्हणजे साताऱ्याचे रेसिडेंट आणि १८२६मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासाचे कर्ते. ज्या ग्रंथाची १८६७मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी पुण्यात झाडाझडती घेतली आणि ज्याला उत्तर देण्याच्या ईर्ष्येतून मराठी इतिहाससंशोधनाची पहिली पावले पडली, तोच हा ग्रंथ. मुलाचे नाव वडिलांनी आपल्या वरिष्ठावरून, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनवरून ठेवले होते.

एवढ्यावरही या वास्तूचे योगायोग संपत नाहीत. पोर्तुगालची शेवटची राणी आमेली हिचा जन्म १८६५मध्ये याच घरात झाला. तिचा पती कार्लुश १९०८पर्यंत पोर्तुगालचा, आणि म्हणून गोव्याचाही, राजा होता. म्हणजे साताऱ्याच्या रेसिडेंटाचा मुलगा, गोव्याच्या राणीचे माहेर आणि मुंबईचा पारशी धनिक, असे तिघे एकाच छपराखाली नांदून गेले. अर्थात वेगवेगळ्या काळी.

रतनजी या घरात आले ते नुसते श्रीमंती मिरवायला नव्हे, असे त्यांच्या खर्चाच्या वह्या सांगतात. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या लढ्यासाठी १९०९च्या अखेरीस त्यांनी पंचवीस हजार रुपये पाठवले. तेव्हा मोहनदास गांधी हे नाव भारतात फारसे कोणी ऐकलेले नव्हते. पुढे त्यांनी अशाच रकमा पुन्हा पुन्हा दिल्या, आणि एकूण आकडा सव्वा लाखावर गेला. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला दरसाल दहा हजार रुपयांची मदत दहा वर्षांसाठी बांधून दिली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दारिद्र्याची कारणे शोधण्यासाठी त्यांच्या पैशातून १९१२मध्ये एक स्वतंत्र विभाग निघाला आणि त्याची सूत्रे आर. एच. टॉनी या तरुण अभ्यासकाकडे आली. इंग्लंडमधल्या साखळ्या ठोकणाऱ्या मजुरांचे किमान वेतन हा टॉनींनी तेथे केलेल्या पहिल्या कामांपैकी एक विषय. जित देशातल्या माणसाने जेत्यांच्या राजधानीत, जेत्यांच्याच गरिबीचा अभ्यास करवून घ्यावा, ही घटना जरा थांबून विचार करण्याजोगी आहे.

इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र त्यांची आणखी एक देणगी अधिक जवळची वाटेल. पाटणा शहराच्या परिसरात मौर्यांचे पाटलिपुत्र गाडले गेले आहे, ही गोष्ट माहीत होती. पण ते उकरून काढायला सरकारकडे पैसा नव्हता. रतनजींनी तो दिला. १९१३मध्ये डी. बी. स्पूनर या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली कुम्रहार येथे खोदाई सुरू झाली आणि ऐंशी खांबांच्या विशाल सभामंडपाचे अवशेष उजेडात आले. स्पूनरसाहेबांना त्यात पर्सिपोलिसचे प्रतिबिंब दिसले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी १९१५मध्ये भारतीय इतिहासात 'झरथुष्ट्री कालखंड' असल्याचा सिद्धांत मांडला आणि मौर्यांनाच इराणी ठरवण्यापर्यंत मजल मारली. हा सिद्धांत विद्वानांनी मानला नाही. पैसा पारशी गृहस्थाचा होता म्हणून निष्कर्ष इराणकडे झुकला, असा टोमणा मारण्याचा मोह होतो. पण मौर्य स्थापत्य आणि इराण यांच्या नात्याचा प्रश्न आजही पुरता निकालात निघालेला नाही, हेही लक्षात ठेवावे.

आता संग्रहाकडे वळू. त्यात चिनी व जपानी वस्तूंचा भरणा मोठा होता. कोरीव जेड, पोर्सलीनची भांडी, हस्तिदंती काम, लाखकाम आणि तपकिरीच्या इवल्याशा चिनी कुप्या. त्यांच्या जोडीला युरोपीय तैलचित्रे, भारतीय लघुचित्रे, शस्त्रे, वस्त्रे. चीनची ओढ या घराण्याला नवी नव्हती. जमशेटजी स्वतः १८५९मध्ये व्यापारासाठी हाँगकाँगला गेले होते. मुंबईच्या कितीतरी पारशी घरांत चिनी भरतकामाचा 'गारा' आणि चिनी बरण्या याच वाटेने आल्या. कापूस आणि अफू जहाजातून जायची आणि रेशीम, चहा, चिनी माती परत यायची. या व्यापाराची काळी बाजू झाकून या वस्तूंच्या सौंदर्याविषयी बोलता येत नाही.

लंडनचा बाजारही तितकाच विचार करायला लावणारा. १८६०मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा सम्राटाचा उन्हाळी राजवाडा लुटला, जाळला. त्यानंतर चिनी राजवैभवाच्या वस्तू युरोपच्या लिलावघरांत पाण्यासारख्या वाहू लागल्या. त्या काळी लंडनमध्ये जेड विकत घेणारा कोणताही रसिक या प्रवाहाच्या काठावर उभा होता. कोणत्या संग्रहातील कोणती वस्तू कोठून आली, हे प्रत्येक वस्तूपुरते स्वतंत्रपणे तपासावे लागते. सरसकट आरोप करणे जितके चूक, तितकेच सरसकट डोळे मिटणेही.

ट्विकनहॅमच्या बागेत रतनजींनी जी शिल्पे बसवली, त्यांची कथा तर एखाद्या रहस्यकादंबरीला शोभेल. व्हिटेकर राइट नावाचा एक भांडवलदार होता. खाणींच्या कंपन्या काढून त्याने हजारो गुंतवणूकदारांना बुडवले आणि त्या पैशावर सरे परगण्यात एक अवाढव्य जागा सजवली. तिथल्या तळ्याच्या तळाशी काचेची खोली होती. २६ जानेवारी १९०४ रोजी न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि त्याच इमारतीत काही वेळातच त्याने विष घेऊन जीव दिला. त्याची मालमत्ता विक्रीस निघाली. तीतील संगमरवरी जलकन्यांचा एक आख्खा ताफा, घोड्यांसकट, रतनजींच्या बागेत येऊन पोहोचला. माणसांपेक्षा मोठ्या, विवस्त्र, कातळावर चढणाऱ्या आणि शिंपल्यांशी झटणाऱ्या या मूर्ती टेम्सकाठच्या शांत उपनगरात कशा दिसल्या असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. अभिरुचीच्या दृष्टीने त्या रतनजींच्या खरेदीतील सर्वांत शंकास्पद म्हणाव्या लागतील. जेडची तपकिरी कुपी निवडणारा डोळा आणि या मूर्ती निवडणारा डोळा एकाच माणसाचा होता, हे मान्य करायला जड जाते. पण संग्राहक माणूसच असतो.

१९१६मध्ये रतनजींना 'सर' हा किताब मिळाला. तोवर प्रकृती ढासळली होती. युरोपात महायुद्ध पेटले होते आणि समुद्रात जर्मन पाणबुड्या फिरत होत्या. युद्ध संपायला दोन महिने उरले असताना त्यांनी सेंट आइव्ह्जला देह ठेवला. लंडनपासून काही अंतरावर ब्रुकवुडची विस्तीर्ण दफनभूमी आहे. तिच्यात पारशांसाठी राखलेला भाग आहे. जमशेटजींना १९०४मध्ये जर्मनीतील बाद नाउहाइम येथे मृत्यू आला, तेव्हा त्यांना याच ठिकाणी विसावा मिळाला होता. धाकटा मुलगा वडिलांशेजारी गेला. जेथे दखमा नाही, तेथे पारशाला भूमीचाच आसरा घ्यावा लागतो.

देह परदेशात राहिला. संग्रहाचे मात्र तसे होऊ नये, अशी तजवीज रतनजींनी करून ठेवली होती. तो त्यांनी मुंबईच्या नव्या संग्रहालयाच्या नावे केला होता. हा निर्णय आज सहज वाटतो, त्या काळी तसा नव्हता. लंडनमध्ये अशा संग्रहाला गिऱ्हाईक रांगेने मिळाले असते. लिलावाचा हातोडा तीन-चार दिवस आपटला असता की सारे निकालात. त्या काळातले कितीतरी खासगी संग्रह याच मार्गाने विखुरले. शिवाय ज्या संग्रहालयाला तो द्यायचा, ते त्या वेळी नावापुरतेच अस्तित्वात होते.

ते कसे, हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय हेच मुळी एक स्मारक. १९०५मध्ये इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज, मुंबईला आले, त्या भेटीची आठवण म्हणून नागरिकांनी ते उभारायचे ठरवले. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी युवराजांनी कोनशिला बसवली. सर करीमभाई इब्राहिम यांनी तीन लाख रुपये दिले. स्पर्धेतून जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाची निवड झाली. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट त्याने रचला आणि आतल्या दालनासाठी नाशिकच्या एका वाड्यातील लाकडी कमानींचा मंडप विकत आणून बसवला. इमारत १९१४मध्ये तयार झाली. पण तेच वर्ष युद्धाचे. कलावस्तूंसाठी बांधलेल्या दालनांत जखमी सैनिकांच्या खाटा पडल्या. रतनजी गेले तेव्हा त्यांच्या वस्तू ज्या दालनांत मांडल्या जायच्या होत्या, तेथे रुग्णालय होते.

दरम्यान संग्रहालयाच्या हाती काहीच नव्हते असे नाही. १९१५मध्ये मुंबईचे व्यापारी शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह विकत घेण्यात आला होता. त्यात नाना फडणवीसांच्या संग्रहातून आलेल्या काही वस्तूही होत्या, असे मानले जाते. म्हणजे मेणवलीचा वाडा आणि ट्विकनहॅमचे यॉर्क हाउस यांचा वारसा अखेर एकाच घुमटाखाली एकत्र आला. एक साम्राज्य गमावत असलेल्या मुत्सद्द्याचा आणि दुसऱ्या साम्राज्याच्या राजधानीत घर थाटणाऱ्या व्यापाऱ्याचा.

रतनजींचा संग्रह १९२१मध्ये संग्रहालयाकडे आला. अशा स्थलांतराचे काम किती किचकट, हे बाहेरच्यांना सहसा कळत नाही. जेड कठीण खरे, पण कोरलेल्या नाजूक कड्या एका धक्क्याने तुटतात. हस्तिदंताला कोरडी हवा चिरते, दमट हवा फुगवते. लाकडी फळीवरचे किंवा कापडावरचे तैलचित्र उत्तरेकडच्या थंडीतून निघून सुएझमार्गे मुंबईच्या पावसाळ्यात पोहोचते, तेव्हा त्याच्या रंगाचा थर आणि पाठीचे कापड वेगवेगळ्या गतीने ताणले जातात. कागद आणि रेशीम यांना तर मुंबईची बुरशी म्हणजे काळच. लाकडी पेट्यांत भरून आणलेली वस्तू उघडली म्हणजे काम संपले, असे नसते. काम तेथून सुरू होते आणि संपतच नाही. त्यासाठी या संग्रहालयाला २००८मध्ये स्वतंत्र जतनकेंद्र काढावे लागले.

पण खरी कसोटी हवामानाची नव्हती. ती होती त्या वर्षाची. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी दुसरे युवराज, पुढचे आठवे एडवर्ड, मुंबईच्या धक्क्यावर उतरले. काँग्रेसने स्वागतावर बहिष्कार पुकारला होता. त्याच दिवशी परळच्या बाजूला गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली. स्वागताला गेलेले लोक परतताना जमावाच्या तावडीत सापडले आणि शहरात दंगल उसळली. रोख प्रामुख्याने पारशी, ख्रिस्ती आणि ज्यू मुंबईकरांवर होता. रस्त्यात लोकांच्या डोक्यावरच्या विदेशी टोप्या हिसकावल्या गेल्या, दुकाने फुटली, माणसे मेली. नंतर पारशांनीही काही ठिकाणी उलट हात उचलला. गांधीजी उपोषणाला बसले. शांतता झाली तेव्हा शहराच्या मनावर ओरखडा उमटला होता.

त्यानंतर आठ आठवडेही झाले नव्हते. १० जानेवारी १९२२ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पत्नीच्या हस्ते संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. नाव युवराजांचे. संग्रहाचा मोठा भाग एका पारशी गृहस्थाने विलायतेत जमवलेला. आणि तोच गृहस्थ गांधीजींच्या आफ्रिकेतील लढ्याचा एक मोठा आधार! नोव्हेंबरातील जमावाला किंवा त्या जमावाला तोंड देणाऱ्यांना हा शेवटचा तपशील किती ठाऊक होता, कोण जाणे. 'विदेशी' आणि 'आपले' या शब्दांच्या सीमारेषा त्या हिवाळ्यात काळा घोड्याच्या चौकात जितक्या गोंधळल्या, तितक्या क्वचितच गोंधळल्या असतील.

घरातील संग्रह प्रदर्शनात जातो, तेव्हा त्याचे काही तरी हरवते. यॉर्क हाउसमध्ये एखादी चिनी सुरई एखाद्या चित्राखाली ठेवलेली असेल, ती केवळ घरमालकाला तशी आवडली म्हणून. संग्रहालयाला हे परवडत नाही. तेथे चीन वेगळा, जपान वेगळा, युरोप वेगळा, शस्त्रे वेगळी. वस्तूला नाव, काळ, देश, क्रमांक. हे आवश्यकच आहे, कारण त्याशिवाय शिकता येत नाही. पण त्या क्रमवारीत संग्राहक अदृश्य होतो आणि उरते ती पाटीवरची एक ओळ. याउलट उदाहरण पुण्यात सापडते. दिनकर गंगाधर केळकर यांनी बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय काढले आणि १९७५मध्ये ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. तेथील अडकित्ते, दिवे, दारे पाहताना केळकरांची नजर आणि त्यांचा हट्ट पावलोपावली भेटतो. रतनजी मात्र मुंबईच्या दालनांत शोधावे लागतात.

थोरले बंधू दोराबजी यांनीही पुढे हाच मार्ग धरला. पत्नी मेहरबाई १९३१मध्ये वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि ब्रुकवुडलाच विसावल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या समाधीचे दर्शन घ्यायला निघालेले दोराबजी ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाद किसिंगन येथे मरण पावले आणि तेही ब्रुकवुडला गेले. वडील आणि दोन्ही मुलगे, तिघांचाही मृत्यू परमुलखात. दोराबजींचा संग्रह १९३३मध्ये संग्रहालयात दाखल झाला आणि युरोपीय चित्रांचे दालन भरगच्च झाले. पीटर लेली, मात्तिया प्रेती, यूजेन बूदँ यांची नावे मुंबईच्या शाळकरी मुलाला तिकिटाच्या पैशात वाचता येऊ लागली. पुढे स्वतः चित्रकार झालेल्या कित्येकांनी युरोपीय तैलरंगाचा खरा पृष्ठभाग, छापील प्रतीत कधीच न दिसणारा, बहुधा येथेच पहिल्यांदा जवळून पाहिला असावा.

नवाजबाईंनी पतीच्या मागे सत्तेचाळीस वर्षे काढली. १९१९मध्ये रतनजींच्या नावाचा न्यास सुमारे ऐंशी लाख रुपयांच्या निधीने सुरू झाला. १९२५मध्ये त्या टाटा सन्सच्या संचालक मंडळावर बसल्या, आणि तेथे बसलेली ती पहिली स्त्री. पेटिट अनाथालयातील नवल नावाच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले. त्या नवलच्या मुलाचे नाव आजीच्या पतीवरून रतन ठेवले गेले, तेच आज सर्वांना ठाऊक असलेले रतन टाटा. १९९८पासून संग्रहालयाचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असे आहे.

यॉर्क हाउस नवाजबाईंनी १९२०च्या दशकात ट्विकनहॅमच्या स्थानिक परिषदेला विकले आणि १९२६मध्ये तेथे परिषदेची कचेरी उघडली. जे पेट्यांत मावले, ते मुंबईला आले होते. व्हिटेकर राइटच्या जलकन्या मात्र बागेतच राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यावर राखाडी रंगाचा चिखलासारखा लेप चढवण्यात आला, कारण चांदण्या रात्री पांढरा संगमरवर लकाकला तर जर्मन विमानांना वाट दिसेल, अशी भीती होती. पुढे तो लेप खरवडून काढला गेला. मूर्ती आजही टेम्सच्या काठी आहेत. शनिवारी-रविवारी मुले त्यांच्याजवळ खेळतात.